कस्टम शिकारी रायफल आणि घरी भरलेली काडतुसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या, एल्क (सांबरासारखा मोठा प्राणी) आणि म्यूल डिअर (हरणाची एक जात) यांच्या शिकारीला जाणाऱ्या किंवा जायचं मनात असलेल्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न सतत येतात. उत्तरं कोलोरॅडोतली परिस्थिती समोर ठेवून लिहिली आहेत. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर तिथले नियम वेगळे तपासा. सगळं लेखन बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर बारानंतर हाताने दांडा (बोल्ट) मागेपुढे ओढून काडतूस भरायच्या, रायफलीबद्दल आहे. काडतुसात बंदुकीची दारू किती ग्रेन (वजनाचं छोटं एकक) भरायची याचे आकडे इथे कुठेही दिलेले नाहीत. कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

१. दुकानातली रायफल आता इतकी चांगली मिळते. मग कस्टम कशाला बांधायची?

बहुतेकांना गरज नाही, हे आधीच सांगतो. कारखान्यातून येणारी साधी रायफलसुद्धा चांगल्या काडतुसांनी १०० यार्डांवर बहुतेक वेळा दीड इंचाच्या आसपास गोळ्या लावते. हरणाचं मर्मस्थान, म्हणजे हृदय आणि फुप्फुसांचा भाग, साधारण ८ इंचांचा असतो आणि एल्कचा त्याहून मोठा. जनावर जखमी होऊन निसटतं तेव्हा दोष बहुधा रायफलीचा नसतो.

कस्टम रायफलीचा खरा फायदा वेगळा आहे. दस्ता तुमच्या खांद्याला आणि गालाला नीट बसतो. वजन तुम्हाला चढावर झेपेल इतकंच ठेवता येतं. चाप दर वेळी सारखाच सुटतो. आणि रात्रभर बर्फात राहिलेल्या रायफलीची पहिली गोळीही पहाटे ठरल्या जागी जाते. डावखुरे नेमबाज, कमी उंचीची माणसं आणि स्त्रिया यांना तयार दस्ता क्वचितच बरोबर बसतो, त्यांना हा फरक पहिल्या दिवशी जाणवतो. नुसता ग्रुप (कागदावरच्या गोळ्यांच्या भोकांचा घोळका) लहान करायचा असेल तर तेच पैसे काडतुसांवर आणि सरावावर घाला.

२. मी एच-वन-बीवर आहे. मला रायफल घेता येते का?

ग्रीन कार्ड असेल तर नागरिकासारखीच घेता येते. एच-वन-बी, एफ-वन, एच-फोर असा नॉन-इमिग्रंट व्हिसा असेल तर संघीय कायद्याने बंदूक आणि दारूगोळा बाळगायला मुळातच मनाई आहे. रेंजवर मित्राची रायफल हातात घेणंही त्यात येतं. मात्र त्याच कायद्यात अपवाद आहे. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याचा चालू शिकार परवाना तुमच्या नावावर असेल तर ही मनाई लागू होत नाही. दुकानात बंदूक खरेदीचा संघीय फॉर्म ४४७३ भरताना तो परवाना दाखवावा लागतो.

इथे दोन गोष्टी हमखास नजरेतून सुटतात. पहिली, परवान्याची मुदत संपली की अपवाद संपतो, पण रायफल घरातच असते. म्हणून जुना परवाना संपायच्या आत नवा काढा, त्या वर्षी शिकारीला जाणार नसाल तरीही. दुसरी, संघीय कायद्याच्या व्याख्येत पुंगळ्या (काडतुसाचं पितळी कवच), प्राइमर (दारू पेटवणारी बुडाची छोटी टोपी), गोळ्या आणि दारू हे सुटे भागही दारूगोळाच आहेत. त्यामुळे रायफल न घेता फक्त काडतुसं भरायचं साहित्य आणून ठेवलं तरी हाच नियम लागतो. शस्त्राचा गुन्हा थेट हद्दपारीपर्यंत जाऊ शकतो. पैसे भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोलून घ्या, ती फी वाया जात नाही.

३. भारतात परत गेल्यावर ही रायफल नेता येईल का? तिथे काडतुसं भरता येतील का?

सामानात टाकून नेता येणार नाही. अमेरिकेतून निर्यातीचे नियम आणि भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना व आयातीची परवानगी, असे दोन्ही बाजूंचे अडसर आहेत. परवाना असला तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. परवान्याशिवाय घरी काडतूस भरणं हे दारूगोळ्याचं उत्पादन ठरतं आणि तो गुन्हा आहे.

शिकारीचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद झाली. पिकांची नासाडी करणाऱ्या किंवा माणसांना धोका झालेल्या जनावरांबद्दल वनखात्याच्या वेगळ्या, मर्यादित परवानग्या असतात, त्यांना हौसेची शिकार म्हणता येत नाही. इशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ स्पोर्टिंग रायफल गावाकडे कुणाकडे तरी पाहिलेली असते, म्हणून हा प्रश्न येतो. खाली लिहिलेलं काहीही तिच्यावर करून पाहू नका.

४. एल्क आणि म्यूल डिअर दोन्हींसाठी कोणतं काडतूस निवडू?

आधी कायदा पाहा. कोलोरॅडोत मोठ्या जनावरासाठी रायफल किमान .२४ कॅलिबरची आणि १६ इंच बॅरलची लागते. गोळी हरणाला किमान ७० ग्रेन आणि एल्कला ८५ ग्रेन हवी, आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा उरायला हवी. हा किमान उंबरठा झाला. त्यावर जेमतेम उतरणारं काडतूस एल्कला पुरेसं आहे असा अर्थ काढू नका.

माझं मत विचाराल तर पहिल्या कस्टम रायफलीला .३०-०६ किंवा .३०८ घ्या. पहिलं १९०६ पासून चालत आलेलं आहे, दुसरं १९५२ पासून. पुंगळ्या कुठेही मिळतात, गोळ्यांची निवड अफाट आहे आणि धक्का सरावाने झेपतो. ६.५ क्रीडमूर २००७ मध्ये आलं. ते हरणांसाठी उत्तम आहे. एल्कवरही चालतं, पण तिथे अंतर कमी ठेवायचं आणि जनावर आडवं उभं राहीपर्यंत थांबायचं. मॅग्नम काडतुसांचा मोह आवरा. हलक्या रायफलीतून मॅग्नमचा धक्का खाल्लेला माणूस महिन्याभरात चाप ओढण्याआधी डोळे मिटायला लागतो, आणि ती खोड मोडायला कितीतरी अधिक वेळ जातो.

५. ॲक्शन कोणती घ्यावी? जुनी लष्करी माउझर मिळतेय, तिच्यावर बांधू का?

ॲक्शन म्हणजे बोल्ट आणि तो ज्यात सरकतो तो सांगाडा. कायद्याच्या नजरेत तीच बंदूक. नंबर तिच्यावर असतो आणि ती परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावी लागते. कोलोरॅडोत ताबा मिळण्याआधी ३ दिवस थांबावं लागतं. बॅरल आणि दस्ता मात्र सुटे भाग म्हणून मिळतात.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे १९६२ पासून चालत आलेल्या रेमिंग्टन ७०० च्या मापाची ॲक्शन. तिच्या मापाचे दस्ते, चाप आणि स्कोपचे बेस मुबलक मिळतात, आणि आज अनेक छोट्या कंपन्या त्याच मापात अधिक काटेकोर ॲक्शन बनवतात. विंचेस्टर ७० आणि माउझर ९८ यांच्या बोल्टचा रुंद पंजा काडतूस मॅगझिनमधून निघाल्याबरोबर धरतो. गडबडीत अर्धवट बोल्ट ओढला तरी चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या, काडतूस बसतं त्या पोकळीत) दोन काडतुसं अडकत नाहीत. अस्वलांच्या मुलखात जाणारे म्हणूनच तिला पसंती देतात.

जुनी लष्करी माउझर मात्र सोडून द्या. बोल्टची मूठ वाकवायची, स्कोपसाठी भोकं पाडायची, चाप बदलायचा, पोलाद किती कडक राहिलंय ते तपासायचं. एवढ्या मजुरीत नवी ॲक्शन येते. शिवाय जुन्या माउझरवरचे मूळ शिक्के एकदा घासून गेले की ते परत येत नाहीत.

६. बॅरलची लांबी, जाडी आणि पीळ कसा ठरवू?

पैसे हात न आखडता खर्च करायचे ते इथे आणि प्रश्न ७ मधल्या कामावर.

बॅरलच्या आतल्या आट्यांचा (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांचा) पीळ गोळीच्या लांबीवरून ठरतो. .३०-०६ ला १० इंचांत एक फेरा हा जुना आणि भरवशाचा पीळ आहे. ६.५ क्रीडमूरला ८ इंचांत एक फेरा लागतो, कारण तिच्या गोळ्या लांब आणि सडपातळ असतात. .२७० ला पारंपरिक पीळ १० इंचांचा आहे, तो १५० ग्रेनच्या आसपासपर्यंत ठीक. त्याहून जड, लांब गोळ्या मारायच्या तर बॅरल मागवतानाच अधिक घट्ट पीळ सांगा. तांब्याच्या गोळ्या वापरणार असाल तर आधी प्रश्न १८ वाचा.

लांबी २२ ते २४ इंच ठेवली की वेग आणि सुटसुटीतपणा दोन्ही जमतं. सप्रेसर (बाराचा आवाज कमी करणारी नळी) लावणार असाल तर २० इंच पुरतात. कोलोरॅडोत शिकारीला सप्रेसर चालतो, पण त्याची संघीय नोंदणी वेगळी करावी लागते. जाडीबद्दल एवढंच की शिकारीत सलग दहा गोळ्या मारायच्या नसतात, त्यामुळे टार्गेट रायफलीसारखी जाड बॅरल डोंगरावर वाहून न्यायचं कारण नाही. कापून काढलेले आटे चांगले की दाबून, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. नावाजलेल्या कारागिराच्या दोन्ही बॅरल मारतात.

७. हेडस्पेस म्हणजे काय? बॅरल मी घरी बसवू शकतो का?

काडतूस चेंबरमध्ये बसल्यावर बंद बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये जिथे काडतूस टेकतं तिथपर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. .३०८ किंवा .३०-०६ सारख्या काडतुसात ते पुंगळीच्या खांद्यावर (मानेकडे निमुळत्या होणाऱ्या उतारावर) टेकतं. अंतर कमी पडलं तर बोल्ट बंद होत नाही. जास्त झालं तर बार होताना पुंगळी ताणली जाते आणि बुडाजवळ तुटते. मग दाबाखालचा वायू नेमबाजाच्या तोंडाच्या दिशेने मागे येतो.

तपासायला दोन गेज (काडतुसाच्या आकाराचे, ठरल्या मापाचे ठोकळे) लागतात. ‘गो’ गेजवर बोल्ट सहज बंद व्हायला हवा, ‘नो-गो’वर होता कामा नये. .३०८ मध्ये या दोन गेजांतला फरक फक्त ०.००४ इंच आहे. नट असलेल्या किंवा ॲक्शनच्या मापाने आधीच तयार केलेल्या बॅरल घरी बसवता येतात. गेज, व्हाइस आणि पाना स्वतःचे हवेत, आणि बोल्टमधला इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढून बोटाच्या हलक्या जोराने तपासायचं. जोर लावला तर ‘नो-गो’वरही बोल्ट बंद होईल आणि खोटा दिलासा मिळेल. कोऱ्या बॅरलला लेथवर आटे पाडून रीमरने चेंबर कापणं हे गनस्मिथचं काम. त्याची प्रतीक्षायादी मोठी असली तरी थांबा.

८. बेडिंग खरंच लागतं का? दस्ता लाकडी घ्यावा की फायबरचा?

डोंगरात ओल, ऊन आणि बर्फ एकाच दिवशी भेटतात, म्हणून मी फायबरच्या बाजूने आहे. अक्रोडाचा दस्ता देखणा असतो, पण ओलीने तो फुगतो आणि बॅरलला टेकला की झिरो (स्कोपचा जुळवून ठेवलेला नेम) सरकतो. लाकूडच हवं असेल तर आतून-बाहेरून, बुडाच्या पॅडखालीसुद्धा, नीट सील करून घ्या.

बेडिंग, म्हणजे ॲक्शनची दस्त्यातली बैठक, नीट आहे की नाही हे घरी समजतं. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, ती उभी धरा, एका हाताची बोटं बॅरल आणि दस्त्याच्या टोकाच्या फटीवर अलगद ठेवा. दुसऱ्या हाताने पुढचा ॲक्शन-स्क्रू हळूहळू सैल करा, परत घट्ट करा. बोटाखाली बॅरल सरकल्यासारखी जाणवली तर ॲक्शन दस्त्यात वाकून बसते आहे आणि एपॉक्सीचं बेडिंग हवं. काहीच हललं नाही तर हात लावू नका. त्यानंतर एक नोट बॅरलखालून पार चेंबरपर्यंत सरकवून पाहा. मध्येच अडली तर तिथे दस्ता टेकतोय.

९. चाप किती हलका ठेवावा?

अडीच ते तीन पौंड. नोव्हेंबरमध्ये जाड हातमोज्यातल्या बधिर बोटाला त्याहून हलका चाप समजत नाही. चाप बसवल्यावर रिकाम्या रायफलीचा बोल्ट जोरात बंद करा, दस्ता रबरी चटईवर आपटा, सेफ्टी लावून चाप ओढा आणि बोट काढून सेफ्टी उघडा. यांपैकी कशानेही पिन सुटली तर ती रायफल गनस्मिथकडे गेल्याशिवाय भरायची नाही.

१०. घरी काडतुसं भरून पैसे वाचतात का?

काडतुसामागे खर्च थोडा कमी होतो, पण तुम्ही अधिक गोळ्या मारता, त्यामुळे वर्षाचा हिशेब तिथेच येतो. खरी कमाई वेगळी. रायफलीला मानवणारी गोळी निवडता येते, आणि ती दुकानात मिळो न मिळो, वर्षानुवर्षं तीच वापरता येते. ‘कस्टम रायफल घेतली म्हणजे घरी भरायलाच हवं का?’ असंही विचारतात. नाही. कारखान्याचं एखादं काडतूस एका इंचात लागत असेल तर त्याच्या एकाच लॉटची पाच-सहा खोकी घेऊन ठेवा आणि शिकारीला जा.

११. सुरुवातीला काय काय साहित्य लागतं? घरात ठेवायला परवानगी आहे का?

एक मजबूत सिंगल-स्टेज प्रेस, तुमच्या काडतुसाचे डाय (पुंगळी मापात आणणारे आणि गोळी बसवणारे साचे), ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलणारा तराजू आणि तो तपासायची वजनं, कॅलिपर, पुंगळी कापायचं ट्रिमर, प्राइमर बसवायचं साधन, लोडिंग ब्लॉक (पुंगळ्या उभ्या ठेवायचा ठोकळा) आणि छापील मॅन्युअल. शक्य असेल तर दोन वेगळ्या कंपन्यांची मॅन्युअलं घ्या. वेग मोजायचा क्रोनोग्राफ आता परवडतो आणि मी त्याला चैन मानत नाही. का, ते प्रश्न १५ मध्ये.

स्वतःच्या वापरासाठी भरायला संघीय परवाना लागत नाही. विकण्यासाठी भरायला लागतो. घरी साठवणुकीचा सर्वमान्य अग्निसुरक्षा संकेत म्हणजे मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत दारू आणि १०,००० पर्यंत प्राइमर. शहराचा किंवा अपार्टमेंटचा नियम याहून कडक असू शकतो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम कधीच करू नका. बहुतेक प्राइमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि पुंगळ्या साफ करताना त्याची धूळ उडते. वेगळी जागा, काम झाल्यावर साबणाने हात, आणि रांगणारं मूल असलेल्या घरात त्या खोलीला कुलूप.

१२. तुमच्या लोडचे (गोळी, दारू, पुंगळी आणि प्राइमर यांच्या ठरलेल्या जुळणीचे) आकडे सांगाल का? मित्राच्या लोडवरून सुरुवात केली तर चालेल?

नाही, आणि हे उत्तर बदलणार नाही. माझ्या चेंबरला, माझ्या पुंगळ्यांना आणि त्या लॉटच्या दारूला जे सुरक्षित आहे ते तुमच्याकडे मर्यादेबाहेर जाऊ शकतं. .३०८ च्या कमाल दाबाची ठरलेली मर्यादा ६२,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे, .३०-०६ ची ६०,०००. तो दाब तुमच्या चेहऱ्यापासून काही इंचांवर तयार होतो.

आकडा घ्यायचा तो दारू किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या चालू मॅन्युअलमधून, आणि सुरुवात तिथल्या सुरुवातीच्या आकड्यापासून. तो दिलेला नसेल तर कमालच्या १० टक्के खालून. त्याच्याही खाली जाणं धोक्याचं आहे. संथ जळणारी दारू पुंगळीत फार कमी भरली तर दाब अनपेक्षित उसळू शकतो. नावांकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. एच-४३५० आणि आयएमआर-४३५० या दोन वेगळ्या दारू आहेत, ४८३१ चंही तसंच. टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा, आणि उरलेली दारू दुसऱ्या डब्यात कधीही ओतू नका.

१३. लोड बसवायची पद्धत क्रमाने सांगा.

आधी गोळी ठरवा, कारण जनावर मारते ती गोळी. बाकी सगळं तिला नीट पोचवण्यासाठी. मग एकाच कंपनीच्या, एकाच लॉटच्या ५० ते १०० पुंगळ्या घ्या. मॅन्युअलमध्ये त्या गोळीला चांगला वेग देणारी आणि पुंगळी बऱ्यापैकी भरणारी दारू निवडा. तापमानाने कमी बदलणारी असेल तर उत्तम (प्रश्न १९).

सुरुवातीच्या आकड्यापासून अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने वर जा, प्रत्येक पायरीला एकच काडतूस. प्रत्येक बारानंतर वेग लिहा, बोल्ट कसा उचलला गेला ते लिहा, पुंगळीचं बूड पाहा. दाबाची पहिली खूण दिसली किंवा मॅन्युअलचा कमाल आकडा आला, जे आधी होईल तिथे थांबा. मग त्याच्या बऱ्यापैकी खाली एक पायरी निवडून तिचीच दहा काडतुसं भरा. ग्रुप बघा. पसंत पडला नाही तर गोळी बसवायची खोली बदला (प्रश्न १६). तरीही नाही जमलं तर दारू किंवा गोळी बदला आणि परत पहिल्या पायरीपासून या. प्राइमर बदलला तरी खाली यायचं.

भरताना एक सवय लावून घ्या. पन्नासच्या पन्नास पुंगळ्यांत दारू टाकून झाली की गोळ्या बसवण्याआधी टॉर्च घेऊन ब्लॉकवर वरून उजेड टाका. सगळीकडे दारूची पातळी सारखी दिसली पाहिजे. एखाद्या पुंगळीत ती खाली दिसली, किंवा नुसतं पितळ चमकलं, तर तिथे काय झालं असतं ते प्रश्न २१ मध्ये वाचा.

१४. तीन गोळ्यांचा ग्रुप अर्ध्या इंचात आला. लोड सापडला ना?

अजून नाही. तीन गोळ्या योगायोगानेही जवळ लागतात. त्याच रायफलीचा दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरीने तीनच्या ग्रुपच्या दीडपटीहून थोडा मोठा येतो. त्यात रायफलीचा दोष नाही, आकडेशास्त्रच तसं आहे. वेगातल्या फरकाचंही हेच. तीन-पाच बारांवरून काढलेलं स्टँडर्ड डेव्हिएशन (वेग सरासरीभोवती किती पसरतो त्याचं माप) पुढच्या रविवारी बदलतं.

दारूच्या वजनाच्या दहाव्या-दहाव्या ग्रेनमध्ये ‘जादूची जागा’ शोधत बॅरल झिजवणारे बरेच भेटतात. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे, पण शिकारी रायफलीला त्याची गरज नाही. दहा गोळ्या १०० यार्डांवर दीड इंचात लागल्या की लोड तयार. पुढची काडतुसं टेबलावरून नव्हे, गुडघ्यावर बसून मारा.

१५. दाब जास्त झाला हे कसं कळतं?

बोल्ट उचलायला जड जातो. पुंगळीच्या बुडावर इजेक्टरच्या भोकाचा गोल चकचकीत ठसा उमटतो. प्राइमर सपाट होतो किंवा पिनच्या खड्ड्याभोवती कड उठते. प्राइमरचा खिसा सैल होतो, नवा प्राइमर सहज आत जातो. यांतलं एकही दिसलं की उरलेली काडतुसं मारायची नाहीत. घरी नेऊन गोळ्या काढा.

पण या खुणा उशिरा दिसतात. त्या दिसेपर्यंत मर्यादा बहुधा ओलांडलेली असते, आणि प्राइमरवर तर मुळीच विसंबू नये. वेग जास्त खरं बोलतो. तुमच्या बॅरलच्या लांबीला मॅन्युअलच्या कमाल लोडने जो वेग मिळायला हवा, तो त्याआधीच मिळू लागला तर दाबही तिथे पोचलेला आहे, पुंगळी कितीही स्वच्छ दिसो. वेग फुकट मिळत नाही.

१६. गोळी आट्यांपासून किती दूर ठेवावी?

शिकारीला ०.०२० ते ०.०५० इंच मागे ठेवून सुरू करा. आट्यांना टेकवून बसवलेली गोळी दाब वाढवते. शिवाय काडतूस न मारता बाहेर काढताना गोळी बॅरलमध्येच अडकून सगळी दारू ॲक्शनमध्ये सांडू शकते, आणि ऐन शिकारीत ती सकाळ गेली. काडतूस मॅगझिनमध्ये मावायला आणि सहज सरकायलाही हवं. दारू-प्राइमर नसलेली दोन डमी काडतुसं भरून बोल्ट जोरात चालवून पाहा.

१७. एक पुंगळी किती वेळा वापरता येते?

ते दाबावर आणि तुम्ही डाय कसा लावता यावर अवलंबून आहे. डायने पुंगळीचा खांदा मागे सरकतो. बोल्ट रायफलीत तो बार झालेल्या पुंगळीपेक्षा ०.००१ ते ०.००२ इंचच मागे जायला हवा. कंपॅरेटर (खांद्यापर्यंतची लांबी मोजायला कॅलिपरवर लावायचा तुकडा) घ्या आणि मोजा. डाय शेलहोल्डरला (प्रेसवर पुंगळीचं बूड धरणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत आंधळेपणाने खाली फिरवला तर खांदा फार मागे जातो, दर बाराला पुंगळी ताणली जाते आणि प्रश्न ७ मधला प्रकार हेडस्पेस बरोबर असलेल्या रायफलीतही घडतो.

याची तपासणी दोन पैशांची आहे. कागदाची पिन सरळ करा, टोकाला छोटा काटकोनी आकडा करा आणि टोक घासून धारदार ठेवा. ते पुंगळीत घालून बुडाजवळच्या भिंतीवरून वर ओढा. चांगल्या पुंगळीत टोक गुळगुळीत सरकतं. आत खाच पडली असेल तर तिथे ते स्पष्ट अडकतं. बाहेरून त्याच जागी फिकट चमकदार कडं दिसू लागतं. अशी एक पुंगळी निघाली तर त्या लॉटच्या सगळ्या तपासा. लांबीही मोजत राहा; .३०८ ची कमाल २.०१५ इंच, कापायची २.००५ पर्यंत.

१८. तांब्याच्या गोळ्या वापराव्यात का?

मी वापरतो आणि सुचवतोही. शिशाची गोळी हाडावर आदळली की तिचे बारीक कण मांसात दूरवर पसरतात, आणि ते मांस आपण घरी मुलांना वाढतो. जंगलात टाकलेल्या आतड्यांतून तेच कण गिधाडं आणि गरुडांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियाने कॉन्डॉर या मोठ्या गिधाडाच्या जिवासाठी १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. कोलोरॅडोत सक्ती नाही.

तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि अधिक घट्ट पीळ मागते. नेहमीपेक्षा एक पायरी हलकी गोळी घ्या. या गोळ्या आट्यांपासून जास्त मागे बसवल्या की सहसा खूश असतात, ०.०५० इंच किंवा त्याहूनही. त्यांना उमलायला वेग लागतो, म्हणून कंपनीने सांगितलेला किमान वेग तुमच्या लांबात लांब अंतरावर उरतो का ते तपासा. शिशाच्या गोळीचा लोड तांब्याच्या गोळीला लावायचा नाही, वजन तेच असलं तरी.

१९. उन्हाळ्यात मैदानात बसवलेला लोड नोव्हेंबरमध्ये १०,००० फुटांवर तसाच मारेल का?

थोडा फरक पडेल. गार दारूने वेग कमी होतो, तर विरळ हवेत गोळीला अडथळा कमी. १०,००० फुटांवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाव भागाने विरळ असते. २०० यार्डांपर्यंत हे जाणवत नाही, ४०० ला जाणवतं. खरा धोका उलट दिशेचा आहे. थंडीत कमाल मर्यादेपर्यंत नेलेला लोड उन्हात तापलेल्या गाडीतल्या काडतुसांत मर्यादा ओलांडतो. लोड बसवायचा तो उकाड्यात.

२०. मित्राची रायफलही .३०-०६ ची आहे. माझी काडतुसं त्याला देऊ का?

देऊ नका. तुमच्या पुंगळ्या तुमच्या चेंबरच्या मापाच्या आहेत, त्याच्या चेंबरमध्ये बोल्टच बंद होणार नाही किंवा उलट सैल बसेल. त्याची रायफल एम-वन गॅरँड (अमेरिकी लष्कराची जुनी सेमी-ऑटोमॅटिक रायफल) असेल तर आणखी वाईट. संथ दारूचे आजचे जोरदार शिकारी लोड तिचा ऑपरेटिंग रॉड वाकवू शकतात.

२१. चाप ओढला आणि बार झालाच नाही, किंवा नुसताच ‘फुस्स’ आवाज आला. काय करायचं?

बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेलाच धरून किमान अर्धा मिनिट थांबा, प्राइमर उशिरा पेटू शकतो. मग चेहरा बाजूला ठेवून बोल्ट उघडा.

‘फुस्स’ झालं आणि धक्का बसला नाही तर लगेच थांबा, समोर एल्क उभा असला तरी. पुंगळीत दारू नसेल तर एकट्या प्राइमरचा जोर गोळीला बॅरलमध्ये ढकलून तिथेच सोडतो. तिच्यामागे दुसरी गोळी मारली तर बॅरल फाटते. बोल्ट काढून, मागून उजेड बघून नळी मोकळी असल्याची खात्री झाल्याशिवाय पुढचं काडतूस नाही.

२२. एवढं सगळं केल्यावर किती अंतरावरून मारायला हरकत नाही?

बसून किंवा सॅकवर टेकवून, धाप लागलेली असताना, पहिलीच गोळी ८ इंची ताटलीत दहापैकी दहा वेळा लागते ते अंतर. बऱ्याच चांगल्या नेमबाजांचं ते २५० ते ३०० यार्ड निघतं. रायफल आणि लोड त्याहून दूर मारतात, म्हणून माणसंही मारू पाहतात. वारा असेल तर अंतर कमी करा. गोळी लागली की नाही याची खात्री नसेल तर जनावर उभं होतं तिथे जाऊन रक्त शोधा. रात्र झाली तर खूण करून पहाटे परत या.

२३. विमानाने रायफल आणि घरी भरलेली काडतुसं नेता येतात का?

अमेरिकेतल्या अंतर्गत प्रवासात येतात. रायफल रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर जाहीर करून, फक्त चेक-इन सामानात. काडतुसं त्यांच्यासाठी बनवलेल्या पुठ्ठ्याच्या, प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या खोक्यात. बहुतेक विमान कंपन्या ११ पौंडांची मर्यादा लावतात. सुटी दारू आणि सुटे प्राइमर विमानात अजिबात चालत नाहीत, म्हणून जे भरायचं ते घरून भरून न्या. प्रवासात स्कोपला धक्का बसतो. तिथे पोचल्यावर डोंगर चढण्याआधी १०० यार्डांवर झिरो तपासायला वेगळी काडतुसं धरा, शिकारीच्या काडतुसांतून ती काढू नका.